अंध विद्यार्थिनीला नववीचं विज्ञान शिकवताना फोन कशासाठी वापरायचा?

प्रश्न: कळव्याच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. यंदा वर्गात जन्मापासून अंध असलेली एक मुलगी आहे. हुशार आहे, अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, सराईतपणे चालवते, पेटीही वाजवते. शाळेत सगळ्यांचं म्हणणं असं की धडे रेकॉर्ड करून तिला पाठवा, प्रयोगाच्या तासाला तिला बाकावर बसू द्या आणि दहावीला विज्ञानाऐवजी दुसरा विषय देऊन टाका. मला हे पटत नाही, पण मग करायचं काय, तेही सुचत नाही. फोनवर ऐकून विज्ञान शिकवता येईल असं एखादं ॲप आहे का?

उत्तर:

सर, ॲप आहेत, नावं पुढे येतीलच. पण नुसतं ॲप टाकून तुमचा प्रश्न सुटणार नाही. धडा रेकॉर्ड करून दिलात की तिला पुस्तक मिळतं, विज्ञान मिळत नाही. डोळस मुलांना आपण पुस्तक देऊन मोकळे होत नाही ना? वजन करायला लावतो, तापमान बघायला लावतो, बल्ब लागला का विचारतो. तिच्या वाट्याला मात्र दुसऱ्याने बघितलेलं ऐकणं एवढंच येतं. माझं इतक्या वर्षांचं काम ठाणे आणि नवी मुंबईतल्या सर्वसाधारण शाळांमधल्या दृष्टिबाधित मुलांसोबत झालं आहे, आणि त्यावरून मी एवढं ठामपणे सांगते की फोन तिला वाचून दाखवण्यासाठी कमी आणि मोजण्यासाठी जास्त वापरा. साध्या फोनमध्येसुद्धा माईक आणि त्वरण मोजणारा सेन्सर असतो, बहुतेकांत चुंबकीय क्षेत्राचा आणि उजेडाचाही असतो. त्यांचे आकडे टॉकबॅक बोलून दाखवतो. म्हणजे मोजणारी तीच, आणि उत्तर पहिल्यांदा कळणार तेही तिलाच.

रेकॉर्डिंगचं आधी उरकते, कारण ते लागणारच आहे. अख्खा धडा एका फाइलमध्ये घालू नका. एक संकल्पना, एक फाइल, तीन-चार मिनिटांची. नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे टाका, म्हणजे यादी क्रमाने लागते. व्हॉट्सॲपवर नुसते व्हॉइस मेसेज पाठवलेत तर परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला हवा तो सापडणार नाही. मजकूर तयार असेल तर रेकॉर्ड करण्यापेक्षा युनिकोडमध्ये टाइप केलेली फाइल द्या. मजकूर वाचून दाखवणाऱ्या गूगलच्या आवाजात मराठी आहे, ईस्पीक या दुसऱ्या संगणकी आवाजातही आहे. ईस्पीक यांत्रिक वाटतो, पण सरावलेली मुलं तो इतक्या वेगाने ऐकतात की आपल्याला एक शब्द कळत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पीडीएफ मात्र काही कामाची नाही. पडद्यावर मराठी दिसतं आणि टॉकबॅक भलतंच काहीतरी बडबडतो.

खरी अडचण सूत्रांची. कार्बन मोनॉक्साइडचं सूत्र आणि कोबाल्टची संज्ञा मोठ्याने वाचून बघा, दोन्ही ‘सी ओ’. डोळ्यांना पहिल्यात दोन्ही अक्षरं मोठी, दुसऱ्यात एक मोठं, एक लहान दिसतं. कानाला काहीच फरक नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात तिच्याशी ठरवून टाका: मोठं अक्षर असेल तर ‘कॅपिटल’ म्हणायचं, नसेल तर नाही. कोबाल्ट म्हणजे ‘कॅपिटल सी, ओ’. अपूर्णांकाचंही तसंच. ‘ए अधिक बी छेद सी’ असं म्हटलं की छेद फक्त बीला आहे की सगळ्याला, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्ग नाही. ‘अपूर्णांक सुरू, ए अधिक बी, छेद, सी, अपूर्णांक संपला’ असं म्हणा. लांबतं खरं, पण उत्तर चुकत नाही. अब्राहम नेमेथ हे स्वतः अंध असलेले अमेरिकन गणितज्ञ. गणिताची ब्रेल लिपी त्यांचीच, आणि गणित बोलून सांगायचे असेच काटेकोर नियमही त्यांनी बसवले. तुम्ही फळ्यावर लिहिताना ‘हे इथून इकडे नेलं’ म्हणता ना, तेही सोडावं लागेल. ‘यू टी हे पद डावीकडे नेलं, चिन्ह वजा झालं’ असं बोलायला लागलात की मागच्या बाकावरच्या डोळस पोरांनाही गणित कळायला लागतं, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

आता प्रयोग. फायफॉक्स नावाचं ॲप घ्या. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने ते २०१६ मध्ये काढलं, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. त्यात फोनचे सगळे सेन्सर एका ठिकाणी मिळतात. आलेख टॉकबॅकला वाचता येत नाहीत, पण बहुतेक प्रयोगांत आकडे वेगळे दिसतात आणि ते तो वाचतो. तिच्यासाठी सगळ्यात मोलाचं त्यातलं आवाजावर चालणारं स्टॉपवॉच. एक आवाज झाला की सुरू, दुसरा झाला की बंद. बोटाने बटण दाबायचं नसल्यामुळे एक-दोन मिलिसेकंदांपर्यंत मोजता येतं.

पण त्याआधी फोनशिवायचा एक प्रयोग करा. ‘गतीचे नियम’ शिकवण्याआधीच करा, त्वरण म्हणजे काय ते कानात बसतं. जांभळी नाक्यावर हार्डवेअरच्या दुकानात मूठभर नट मिळतात. जाड दोरीला पाच नट बांधा, प्रत्येक दोनमध्ये ४० सेंटिमीटर अंतर. स्टीलचं ताट जमिनीवर उपडं ठेवा. एकाने बाकावर उभं राहून दोरी अशी धरायची की खालचा नट ताटाला जेमतेम टेकेल, आणि सोडून द्यायची. ठण, ठण, ठण-ठण. ठोके जवळजवळ येत जातात. अंतर सारखं आणि वेळ कमी होत चाललेली, म्हणजे पडताना वेग वाढतोय. हे तिला सांगावं लागत नाही, ती ऐकते. मग तिलाच विचारा: ठोके एकसारख्या लयीत पडावेत असं वाटत असेल तर नट कुठे बांधायचे? दोन-तीनदा चुकू द्या. शेवटी खालच्या नटापासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर बांधून द्या. एक, चार, नऊ, सोळा. आता ठोके तबल्याच्या लयीसारखे समान पडतात, दर ०.१४ सेकंदाला एक. रेकॉर्ड करून अर्ध्या वेगाने पुन्हा ऐकवा. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे वाक्य त्यानंतर पाठ करावं लागत नाही. गंमत म्हणजे या प्रयोगात डोळस मुलांना काही जास्तीचं मिळत नाही. दोरी इतक्या झटकन पडते की बघून कुणालाच काही कळत नाही, तीही कानावरच विसंबतात.

त्यानंतर स्टॉपवॉच आणा. टेबलाच्या कडेवर फूटपट्टी अर्धी बाहेर येईल अशी ठेवा, तिच्या बाहेरच्या टोकावर गोटी ठेवा. पट्टीवर खालच्या बाजूने आडवा फटका मारला की पट्टी निसटते, त्या आवाजाने घड्याळ सुरू होतं. गोटी जमिनीवर आपटली की बंद. १२२.५ सेंटिमीटर उंचीवरून अर्धा सेकंद यायला हवा, आणि उंची त्याच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर केली की पाव सेकंद. उंची मोजायला टेपवर दर दहा सेंटिमीटरला सुईदोऱ्याने गाठ मारून द्या, ती बोटांनी मोजेल.

इथे एक व्यावहारिक अडचण हमखास येते आणि कुठल्याच माहितीपत्रकात ती लिहिलेली नसते. टॉकबॅक स्वतः बोलतो, आणि त्याच्या आवाजानेच घड्याळ सुरू होतं. मुलगी ‘सुरू करा’ बटणावर बोट नेते, फोन म्हणतो ‘स्टार्ट’, झालं, मोजणी चालू. उपाय म्हणून इअरफोन लावाल, तर साध्या इअरफोनच्या वायरवर माईक असतो आणि फोन स्वतःचा माईक सोडून तो वापरायला लागतो. तेव्हा माईक नसलेला, वायरवाला इअरफोन घ्या, आणि ॲपमधली आवाजाची मर्यादा थोडी वर न्या, म्हणजे पंख्याच्या किंवा रिक्षाच्या आवाजाने ते चालू होणार नाही. ब्लूटूथचे इअरफोन नकोतच. त्यांत आवाज जरा उशिरा पोचतो. गाणं ऐकताना कळत नाही, पण पुढे आलेख ऐकताना बोट सरकवल्यावर सूर लगेच बदलायला हवा असतो, तिथे सगळा घोळ होतो. आणि इअरफोन एकाच कानात, दुसरा कान तुमच्यासाठी आणि वर्गासाठी मोकळा.

‘ध्वनीचा अभ्यास’ हा धडा तर तिचाच आहे असं समजा. ध्वनीचा वेग व्हरांड्यात मोजता येतो. दोन फोन पाच मीटर अंतरावर ठेवा, दोन्हींवर हे आवाजाचं घड्याळ. पहिल्या फोनजवळ एकाने टाळी वाजवायची, मग दुसऱ्याजवळ दुसऱ्याने. पहिला फोन लगेच सुरू होतो आणि दुसरी टाळी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत थांबत नाही. दुसरा उशिरा सुरू होतो आणि लगेच थांबतो. दोघांच्या वेळेत जो फरक येतो, तो ध्वनीला दहा मीटर जायला लागलेला वेळ. साधारण ०.०२९ सेकंद येतो. टाळी तिने वाजवायची, आकडे तिने ऐकायचे, भागाकार तिने करायचा. पुस्तकात २२ अंशांना ३४४ मीटर प्रति सेकंद दिलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात ३० अंशांच्या वर उत्तर ३४९ च्या आसपास यायला हवं. तेवढा बारीक फरक तुमच्या मोजपट्टीत बसणार नाही, पण तो का यायला हवा यावर एक अख्खा तास चर्चा होते.

त्याच धड्यात प्रतिध्वनीसाठी किमान १७.२ मीटर अंतर लागतं असं येतं. ती बहुधा म्हणेल, ‘सर, मला तर एका हातावरची भिंत ऐकू येते.’ तिचं खरं आहे, पुस्तकाचंही खरं आहे. जवळच्या भिंतीवरून परतलेला आवाज वेगळा ऐकू येत नाही, मूळ आवाजातच मिसळतो आणि त्याचा पोत बदलतो. पांढरी काठी आपटत चालणारी मुलं तो पोत ओळखतात. हे वर्गात तिलाच समजावून सांगू द्या. तिला असं काही माहीत आहे जे तुम्हाला आणि मला माहीत नाही, असा प्रसंग विज्ञानाच्या तासाला फारसा येत नसतो.

आता अभ्यासक्रमाच्या थोडं बाहेरचं, पण ती पेटी वाजवते म्हणून मोह आवरत नाही. गाडी हॉर्न वाजवत जवळून जाते तेव्हा तिचा सूर उतरतो, हा डॉप्लर परिणाम. नाहूरला फास्ट लोकल न थांबता जातात. पादचारी पुलावर उभं राहून हॉर्न रेकॉर्ड करा. फलाटाच्या कडेला नको, पुलावरच. घरी येऊन पेटीवर दोन सूर शोधायचे, गाडी येतानाचा आणि जातानाचा. जातानाचा ‘सा’ धरला तर येतानाचा कुठला? शुद्ध रिषभ असेल तर दोन सुरांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर नऊ-अष्टमांश. गुणोत्तरातून एक वजा करा, त्याला गुणोत्तर अधिक एकने भागा आणि ध्वनीच्या वेगाने गुणा. इथे भागाकार एक-सतरांश येतो. ध्वनीचा वेग ३४० धरला तर ३४० भागिले १७ म्हणजे २० मीटर प्रति सेकंद, ताशी ७२ किलोमीटर. सरळ पूर्णांक उत्तर! कोमल रिषभ आला तर ताशी ४० च्या आसपास. कोमल गंधार आला तर १११; लोकल असेल तर पेटीवर पुन्हा ऐकून बघा, सूर ओळखण्यात घोटाळा झालेला असणार. हॉर्नमध्ये एकापेक्षा जास्त सूर मिसळलेले असतात, त्यामुळे फायफॉक्स इथे गोंधळतं आणि तयार कान गोंधळत नाही. आपल्याकडच्या अनेक अंध मुलांना संगीत शिकवलं जातं ते ‘त्यांना तेच जमतं’ या समजुतीने. तीच शिदोरी भौतिकशास्त्रात वापरता येते, हे फार कमी शिक्षकांच्या लक्षात येतं.

यावरून आलेखाकडे येते. आलेख ऐकवण्याची रीत जगभर बरीचशी एकसारखी आहे: डावीकडून उजवीकडे जाणं म्हणजे वेळ पुढे सरकणं, किंमत वाढली की सूर चढणं. डेस्मॉस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये हे आयतं मिळतं. आवाज डाव्या कानातून उजव्या कानात सरकतो, आणि आलेख शून्याच्या खाली गेला की सुरात खरखर मिसळते. शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचं वाचून दाखवणारा फुकट स्क्रीन रीडर टाका आणि डेस्मॉस कीबोर्डने चालवायला शिकवा. फोनपेक्षा ते सोपं जातं. संगणक नसेल तर पेटी आहेच. वेग-काल आलेखाची तुम्ही स्वतः एकेक सेकंदाला एकेक पट्टी वाजवा. एकसमान वेग म्हणजे तीच पट्टी, एकसमान त्वरण म्हणजे समान पायऱ्यांनी चढणं. एक पथ्य पाळा. माणसाचा कान सूर चढला की उतरला हे पटकन सांगतो, पण सुटा सूर ऐकून तो नेमका कुठला हे बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणून शून्याचा सूर मागे सतत चालू ठेवा. तानपुऱ्याचं ॲप लावलं तरी चालेल. आधी सरळ रेषा, मग मोडणारी रेषा, मग वक्र. थेट पॅराबोला ऐकवलात तर तिला नुसता भोंगा ऐकू येईल.

हे अंध मुलांचं मन रमवायला काढलेलं खेळणं आहे, असं कुणी म्हणालं तर त्यांना वांडा दियाझ-मर्सेद यांच्याबद्दल सांगा. पोर्तो रिकोच्या या खगोलशास्त्रज्ञ बाईंची दृष्टी शिकत असतानाच गेली, आणि ताऱ्यांच्या स्फोटांची आकडेवारी ध्वनीत बदलून त्यांनी संशोधन चालू ठेवलं. तसं तर किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर कित्येक वर्षांपासून टकटक करूनच सांगत आला आहे.

प्रकाशाचा भाग शाळा सगळ्यात आधी सोडून देतात. सोडू नका. परावर्तनाचा नियम आधी आवाजाने शिकवा: कागदाच्या दोन लांब नळ्या भिंतीशी कोन करून टेबलावर ठेवायच्या, एकीच्या तोंडाशी टिकटिक करणारं घड्याळ आणि दुसरीच्या तोंडाशी तिचा कान. दुसरी नळी हळूहळू फिरवत आवाज सगळ्यात स्पष्ट कुठे येतो ते तिने शोधायचं. मधे पुठ्ठा उभा करा, नाहीतर आवाज सरळच पोचेल. मग दोन्ही कोन बोटांना लागणाऱ्या खुणांच्या, उठावाच्या कोनमापकाने तिलाच मोजू द्या. प्रकाशही असाच वागतो, एवढं एकच वाक्य तुम्ही बोलायचं. प्रत्यक्ष उजेडासाठी मायक्रोसॉफ्टचं सीइंग एआय आहे. अँड्रॉइडवर ते २०२३ च्या डिसेंबरात आलं, आणि त्यात उजेड वाढला की सूर चढतो. फायफॉक्स हाच उजेड लक्स या एककात सांगतं. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की आकडा चौथ्या भागावर येतो, पण खोली अंधारी हवी आणि भिंती शक्यतो पांढऱ्या नकोत. दहावीत भिंगं येतील तेव्हा लांबवर दुसऱ्या फोनची टॉर्च लावून, भिंगामागे फोनचा सेन्सर पुढे-मागे करत सूर सगळ्यात उंच कुठे जातो ते शोधता येतं. सूर्याचा प्रकाश भिंगातून फोनवर पाडू नका, फोन जाईल.

विद्युतमध्ये बल्बच्या जागी बझर जोडा, एवढं पुरे. चुंबकत्वाला फोन फार चांगला. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला दिसतं. तारेतून एक अँपिअर धारा सोडली की दोन सेंटिमीटरवर त्यात दहाचा फरक पडतो, आणि तो फोनला सहज कळतो. आधी फोनमधला सेन्सर नेमका कुठे आहे ते छोटं चुंबक फिरवून शोधून ठेवा आणि तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावा. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम पुढे येईल, त्याला तर आकृतीची गरजच नाही, तो हातातच आहे.

रसायनशास्त्रात मात्र फोनची फुशारकी मारू नका. रंग ओळखणारी ॲप प्रयोगशाळेच्या ट्यूबलाइटखाली गुलाबीला राखाडी म्हणतात. लिटमसपेक्षा कांद्याच्या रसात भिजवलेली कापडाची पट्टी बरी: आम्लात कांद्याचा वास टिकतो, आम्लारीत जातो. लवंगेच्या तेलाचंही असंच होतं. वास घेताना नाक नळीवर न्यायचं नाही, हाताने वाफ आपल्याकडे ओढायची, हे तिला आधी शिकवा. हायड्रोजनची चाचणी तर ‘पॉप’ आवाजाचीच आहे. चुनकळीत पाणी घातल्यावर चंचुपात्र बाहेरून तापतं ते हाताला कळतं, पण चुना उडतो, म्हणून चष्मा तिलाही लावायचा. ‘तिला काय गरज’ असं एका ठिकाणी मी ऐकलेलं आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

जीवशास्त्रातलं पक्षीनिरीक्षण तिला सहज जमेल. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्षी ओळखतं. येऊरच्या जंगलात सकाळी घेऊन जा, तांबटाचा टुक-टुक आवाज तर कळव्यातही येतो.

जिथे आवाज संपतो तिथे स्पर्श सुरू करा. हृदयाचे कप्पे, पेशीची रचना, परिपथाची आकृती या गोष्टी ऐकून समजत नाहीत, कारण आवाज एकामागून एक येतो आणि आकृतीत सगळं एकाच वेळी समोर असतं. रबरी पाटीवर जर्मन फिल्म नावाचा प्लास्टिकचा पातळ कागद ठेवून बॉलपेनने रेघ ओढली की ती उठून येते. ही फिल्म अंधांसाठीचं साहित्य विकणाऱ्या संस्थांकडे मिळते. नाहीतर पुठ्ठ्यावर लोकर चिकटवा. आकृती पुस्तकातल्यासारखी हुबेहूब काढायला जाऊ नका. निम्म्या रेघा गाळा, एका आकृतीत एकच गोष्ट दाखवा. दिल्लीच्या आयआयटीत उठावाच्या आकृत्यांवर बरंच काम झालं आहे. तुम्हाला जवळ म्हणजे वाशीच्या खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि मुंबईत झेवियर्स महाविद्यालयातलं दृष्टिबाधितांचं साधन केंद्र. दोन्हीकडे पत्र टाकून जाऊन या. वाचायच्या पुस्तकांसाठी सुगम्य पुस्तकालय या दृष्टिबाधितांच्या ऑनलाइन ग्रंथालयात तिची नोंदणी करा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात दृष्टिबाधितांसाठी सुलभ प्रत बनवायला मोकळीक आहे, त्यामुळे पुस्तक टाइप करताना घाबरायचं कारण नाही.

गटात काम देताना जपा. चांगल्या मनाची मैत्रीण शेजारी बसते, ‘मी करते गं, तू फक्त ऐक’ म्हणते, आणि वर्षभर ती फक्त ऐकत राहते. फोन तिच्याच हातात, नोंदी मैत्रिणीने करायच्या, अशी कामं वाटून द्या. प्रयोग सुरू व्हायच्या आधी तिला टेबलावरची प्रत्येक वस्तू हाताळायला पाच मिनिटं द्या आणि मग मधे कुणी काही हलवायचं नाही.

आता विषय बदलण्याचं. दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी विज्ञानाऐवजी ‘शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र’ हा पर्याय आहे. काही मुलांना त्याची खरंच गरज असते, त्याला नावं ठेवत नाही. पण तो तिने आणि तिच्या घरच्यांनी विचार करून घ्यायचा असतो, शाळेने सोय म्हणून द्यायचा नसतो. विज्ञान आत्ता सोडलं की अकरावीला त्या शाखेकडे वळणं जवळपास अशक्य होतं. आंध्रातल्या श्रीकांत बोल्ला यांना दहावीनंतर अंध म्हणून विज्ञान शाखा नाकारली गेली, ते न्यायालयात गेले, विज्ञान घेतलं आणि पुढे अमेरिकेत एमआयटीला शिकले. दिल्लीच्या कार्तिक साहनी यांनाही अकरावीला विज्ञान मिळवण्यासाठी बोर्डाशी झगडावं लागलं; ते स्टॅनफर्डला गेले. तुमच्या विद्यार्थिनीने तिकडेच जावं असं नाही. तिला औषधनिर्माणात, ध्वनितंत्रात, संगणकात काही करावंसं वाटलं तर नववीतच वाट बंद झालेली नको, एवढंच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अभ्यासक्रम आणि परीक्षेत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थेवर आणि शासनावर टाकलेली आहे. मुख्याध्यापकांशी बोलताना हे तोंडी सांगू नका, कलम १६ आणि १७ ची छापील प्रत पुढे ठेवा.

लेखनिक (परीक्षेत ती सांगेल ते लिहिणारा) आणि ताशी वीस मिनिटं जादा वेळ यासाठी प्रमाणपत्रं नववीच्याच दिवाळीआधी गोळा करायला लागा. सिव्हिल हॉस्पिटलच्या तारखा लवकर मिळत नाहीत, आणि दहावीचे फॉर्म भरायच्या वेळी धावपळ झाली की शेवटी ‘विषय बदला, सोपं पडेल’ हे पालकांच्या गळी उतरवलं जातं. लेखनिकाबरोबर सराव वर्गातल्या चाचण्यांपासून करा. सूत्र बोलून लिहवून घेणं हे वेगळंच कसब आहे. ‘कॅपिटल’ आणि ‘अपूर्णांक संपला’ हे शब्द लेखनिकालाही तेवढेच सवयीचे हवेत.

सुरुवात नटांच्या दोरीने करा. खर्च शंभर रुपयांच्या आत आहे, आणि ताट शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत मिळेल.